सात नंबरवर टाकलेली सर्व्हिस

सांगली, रविवार

चि. सानिकास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री वाचला. "आई, सर्व्हिस घेण्यात कच्च्या असलेल्या रिसीव्हरवरच सारखी सर्व्हिस टाकणं हा रडीचा डाव आहे का?" एवढंच लिहून तू गप्प. जिल्ह्याची व्हॉलीबॉल फायनल जिंकलेली मुलगी असा मेसेज करते म्हणजे तिला काहीतरी टोचतंय, एवढं मला कळतं. एका शब्दात उत्तर हवं असेल तर 'नाही'. पण एका शब्दाने तुझं समाधान व्हायचं नाही, आणि हॉस्टेलच्या फोनवर तू "हो गं, बरं गं" करून मोकळी होतेस. म्हणून हे पत्र. निवांत वाच, अभ्यासाच्या तासाला नको.

फायनलचा व्हिडिओ तुझ्या मैत्रिणीच्या बाबांनी पाठवला होता. बँकेत त्या दिवशी माणसं कमी असल्यामुळे मला येता आलं नाही, पण व्हिडिओ पुढे-मागे करत सगळा बघितला. पहिल्या सेटला 11-11 असताना तू सर्व्हिसला आलीस. तुमच्या सरांनी बाकावरून हाताची पाच बोटं दाखवली, म्हणजे पाच नंबरच्या जागेवर टाक (पुढच्या ओळीत उजवीकडून दोन-तीन-चार, मागच्या ओळीत एक-सहा-पाच). तिथे त्यांची सात नंबरची जर्सी घातलेली मुलगी उभी होती, सडपातळ, दोन वेण्या. तुझा पहिला फ्लोट, म्हणजे फिरकी न देता टाकलेला बॉल, आला तेव्हा तिच्या टाचा जमिनीला चिकटलेल्या होत्या आणि हात आधीच जोडलेले. बॉल शेवटच्या क्षणी थोडा डुचमळला, तिने खांद्यातून हात वर झटकले आणि बॉल थेट मागच्या भिंतीवर. दुसरा तसाच. तिसरा तिच्या मनगटावर बसून बाजूच्या खुर्च्यांत गेला. चौथ्या सर्व्हिसच्या आधीच तिने मान खाली घातली. 18-11 झाले तेव्हा ती जर्सीच्या बाहीने डोळे पुसत होती, आणि प्रेक्षकांतून एका बाईंचा आवाज आला, "एकाच पोरीवर काय धरलंय गं!" बहुधा तिची आई.

तुझा चेहरा तिथे बदलला. पुढच्या सेटमध्ये तुझ्या वाट्याला तीनदा सर्व्हिस आली आणि तिन्ही वेळा तू ती पिवळ्या जर्सीतल्या त्यांच्या लिबेरोच्या, म्हणजे फक्त मागे बचाव करणाऱ्या खेळाडूच्या, हातात नेऊन दिलीस. ती मुलगी उत्तम रिसीव्ह करते. लिफ्टरला, म्हणजे मारणारीसाठी बॉल उचलून देणारीला, बॉल डोक्यावर मिळाला, मधल्या मुलीने झटकन मारला, तुमचा ब्लॉक उभा राहायच्या आत गुण गेला. सेट 22-25. मग तुझ्या टीममधल्या मुली तुझ्याशी बोलेनाशा झाल्या. म्हणजे एका सेटमध्ये समोरच्या आईने तुला दुष्ट ठरवलं, दुसऱ्यात स्वतःच्या मैत्रिणींनी बावळट. मेसेज त्यातून आला असावा.

आता मुद्द्याचं. सर्व्हिस कशासाठी टाकतात? समोरच्या लिफ्टरला नीट बॉल मिळू नये म्हणून. पास नेटजवळ, दोन आणि तीन नंबरच्या मधे अलगद आला की लिफ्टरपुढे तीन वाटा असतात: मधून झटपट क्विक, चारवर उंच, दोनवर मागून. ब्लॉक करणाऱ्या मुलींना अंदाज लागत नाही. तोच पास दोन-तीन मीटर मागे पडला की एकच वाट उरते, चार नंबरला उंच बॉल, आणि तिथे तुमच्या दोन मुली हात वर करून तयार. व्हॉलीबॉलमधला निम्मा खेळ त्या दोन-तीन मीटरचा आहे. जिथून पास बिघडेल तिथे सर्व्हिस टाकायची, मग तिथे जी उभी असेल ती.

आणि ती नेहमी कच्चीच असते असंही नाही, हे तुला माहीत आहे. मोठ्या सामन्यांत समोरची सगळ्यात तिखट अटॅकर पुढच्या ओळीत असेल तर मुद्दाम तिच्यापुढे आखूड सर्व्हिस टाकतात. तिला वाकून बॉल घ्यावा लागतो, मारण्यासाठी घ्यायचा रनअप अर्धवट राहतो. तिच्यावर सेटभर सर्व्हिस पडली तरी कोणी "बिचारी" म्हणत नाही. बीच व्हॉलीबॉल बघ. 16 बाय 8 मीटरच्या वाळूत दोनच खेळाडू, बदली नाही, लिबेरो नाही. तिथे दोघींपैकी एकीवर अख्खी मॅच सर्व्हिस टाकणं रोजचं आहे. आणि ती एकजण पुष्कळदा रिसीव्हला कच्ची नसते, मारण्यात जरा कमी असते, कारण जी रिसीव्ह करते तिलाच बहुतेक वेळा मारावं लागतं. सर्व्हिस टाकणारी नुसतं "कच्चं कोण" एवढंच बघत नाही, पुढचे दोन टच कुठे जातील हेही बघते.

मग त्या बाईंचं चुकलं का? आईचं काय चुकणार. तिला मैदानात सहा जणी दिसतच नव्हत्या, एकच दिसत होती. तुला मात्र सहाच्या सहा दिसायला हव्यात. माझी तक्रार असलीच तर ती त्यांच्या बाकावर बसलेल्या माणसाबद्दल आहे. सात गुण सलग गेले आणि टाइम-आउट नाही! सेटला तीस सेकंदांचे दोन मिळतात, ते काय घरी न्यायचे असतात? सहा बदल्या असतात. तेही सोड, नुसतं सात नंबरला साइडलाइनकडे सरकवून लिबेरोला तिची अर्धी जागा दिली असती तरी भागलं असतं. सर्व्हिस सुटेपर्यंत एकमेकींच्या मागे-पुढे आणि डावी-उजवीचा क्रम सांभाळला की झालं, तेवढ्यात एखादीला झाकायला भरपूर वाव असतो. बॉल सुटल्यावर तर कोणी कुठेही जावं. एखाद्या मुलीला सात वेळा तोफेच्या तोंडी उभी ठेवली ती तू नाहीस.

लिबेरोवरून आठवलं. मी कॉलेजात खेळत होते तेव्हाच हे सगळं बदललं. आमच्या सुरुवातीच्या दिवसांत सर्व्हिस आपली असेल तरच गुण मिळायचा, सेट पंधराचा असायचा आणि एकेक सेट संपता संपायचा नाही. तेव्हा सर्व्हिस नेटमध्ये गेली तर फक्त सर्व्हिस जायची, गुण जायचा नाही, त्यामुळे आमच्यातल्या जोरकस मुली बिनधास्त हाणायच्या. मग प्रत्येक रॅलीला गुण आला, सेट पंचवीसचा झाला. चुकलेल्या सर्व्हिसची किंमत एक गुण झाली आणि आंधळेपणाने मारण्यापेक्षा नेम धरून, डुचमळणारा बॉल नेमक्या जागी टाकणं जास्त फायद्याचं ठरू लागलं. त्याच सुमारास, 1998 मध्ये, आंतरराष्ट्रीय महासंघाने लिबेरो आणली. वेगळ्या रंगाची जर्सी, तिची अदलाबदल सहा बदल्यांत धरायची नाही, पण तिने ब्लॉक करायचा नाही आणि नेटच्या वरून बॉल मारायचा नाही. रॅली लांबाव्यात, बचावाला जोर मिळावा, हा त्यामागचा हेतू. म्हणजे सर्व्हिस डोईजड होतेय हे खेळ चालवणाऱ्यांना दिसलं आणि त्यांनी तोडगा नियमात घातला. सर्व्हिस टाकणारीला "जरा हळू टाक" असं कोणी सांगितलं नाही.

रिसीव्ह कच्चं असण्यावरचा उपाय रिसीव्ह पक्कं करणं हाच. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये महिलांचा व्हॉलीबॉल पहिल्यांदा आला आणि जपानच्या मुलींनी सोव्हिएत संघाला हरवून सुवर्ण घेतलं. त्यातल्या बहुतेक जणी कापड गिरणीच्या संघातल्या होत्या. उंचीत कमी पडतो हे ओळखून त्यांनी बॉलवर झेपावून, घेऊन, कोलांटी खाऊन पुन्हा पायांवर उभं राहायचं तंत्र घोटून घोटून बसवलं होतं. त्यांचे प्रशिक्षक दाइमात्सु ज्या रीतीने रात्री उशिरापर्यंत मुलींना राबवत ती मला मुळीच पसंत नाही, तुमच्या सरांनी तसं केलं तर मी स्वतः येऊन भांडेन. पण आज कोपरापासून गुडघ्यापर्यंत सोलवटून तू जे रोलिंग शिकतेस ते त्या मुलींनी जगाला दाखवलं.

तुझ्या दुसऱ्या सेटबद्दल मात्र मला नीट बोलायचं आहे. तू दयेपोटी केलंस, हे मला कळतं, आणि तुझ्यात ती दया आहे याचा आनंदही आहे. पण मैदानावर मुद्दाम कमी खेळणं ही गोष्ट खेळाच्या जगात हलकी धरत नाहीत. लंडन ऑलिंपिकमध्ये, 2012 साली, बॅडमिंटनच्या महिला दुहेरीतल्या चार जोड्यांना स्पर्धेतून हाकलून दिलं होतं. गटातला सामना हरलो तर पुढे सोपा प्रतिस्पर्धी मिळेल म्हणून त्या सर्व्हिस मुद्दाम नेटमध्ये मारत होत्या. आपल्या खेळातही घडलंय. 2010 ची पुरुषांची जागतिक स्पर्धा इटलीत होती, अँकोनाला ब्राझील आणि बल्गेरिया समोरासमोर आले. दोघंही पुढच्या फेरीत पोचलेले, आणि हरणाऱ्याला पुढचा गट सोपा मिळणार. ब्राझीलने आपल्या नेहमीच्या लिफ्टरला बाहेर बसवलं आणि तीन सरळ सेटमध्ये सामना सोडला. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. पुढे तेच जगज्जेते झाले, सलग तिसऱ्यांदा, पण अँकोनाची आठवण निघाली की त्यांच्या चाहत्यांनाही आजतागायत सारवासारव करावी लागते.

तुझं आणि त्यांचं एक नाही. त्यांना सोपी वाट हवी होती, तुला एका मुलीचे अश्रू थांबवायचे होते. पण सात नंबरच्या बाजूने विचार कर. पहिल्या सेटला बॉल तिच्याकडे येत होता, दुसऱ्याला एकदम थांबला. तिला कळलं नसेल? सगळ्या हॉलला कळलं. रिसीव्ह सुधारायची एखादी संधी तिला दुसऱ्या सेटमध्ये मिळालीही असती, एक पास नीट गेला असता तर तिने मान वर केली असती. तू तिला खेळातूनच वजा केलंस. शिवाय तुझ्या बाजूच्या पाच मुलींनी त्या गुणांसाठी जो घाम गाळला तो तू त्यांना न विचारता दान करून टाकलास. त्या चिडल्या याचं मला नवल वाटत नाही.

आता जे मला खरोखर आवडलं नाही ते सांगते. पहिल्या सेटमध्ये तुझ्या चौथ्या सर्व्हिसपासून तुमच्या बाकावरच्या मुली टाळ्यांच्या तालावर "सात! सात!" ओरडत होत्या. एकीने बोट दाखवलं. तू ओरडत नव्हतीस, पण सहाव्या गुणाला तूही हसलीस. व्हिडिओत स्पष्ट दिसतंय. मी पंच म्हणून तिथे उभी असते तर खेळ थांबवून तुमच्या कॅप्टनला बोलावलं असतं. नियमांतच लिहिलेलं आहे की पंच, प्रतिस्पर्धी, सहकारी आणि प्रेक्षक या सगळ्यांशी आदराने वागायचं. पिवळं कार्ड म्हणजे समज. लाल दाखवलं की समोरच्यांना गुण आणि सर्व्हिसही. तिथल्या पंचांनी कानाडोळा केला, तो त्यांचा प्रश्न.

बघ, सर्व्हिस पाच नंबरच्या जागेवर पडत होती तोवर ते खेळात बसत होतं. जर्सीच्या नंबराची आरोळी झाली तिथे ते त्या पोरीच्या अंगावर गेलं. बॉल तिच्या हातांवर जाणं आणि शब्द तिच्यावर जाणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे आणि नेमकं तेच तुमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नाही. तुला सर्व्हिसची लाज वाटत राहिली आणि ओरडण्याची कोणालाच वाटली नाही! तसंच नेटवर आयता आलेला बॉल. समोर कोणी घाबरून हात तोंडापुढे धरून उभं असेल आणि मागे अर्धं कोर्ट रिकामं असेल तर रिकाम्या जागी मार. गुण तेवढाच मिळतो. ब्लॉकच्या हातांवर आपटून बाहेर काढणं निराळं, ते कसब आहे. अंगावर मारून मग मैत्रिणीकडे बघून डोळा मारणं याला मी कसब म्हणणार नाही.

तालुक्याच्या पहिल्या फेरीला मी आले होते, आठवतंय? समोर ती छोट्या गावची शाळा होती. त्यांच्या सरांनी मला सांगितलं की गावात नेट नाही, दोन बांबूंना दोरी बांधून मुली खेळतात. तुम्ही 25-4 ने जिंकलात. आपल्याकडे आखाड्यात जोड ठरवताना वजन बघतात, वय बघतात, तयारी बघतात. एकदा सलामी झाली की मग "त्याचा डावा पाय कच्चा आहे, तिकडून पट काढू नकोस" असं कोणी म्हणत नाही. शाळेच्या स्पर्धेत जोड बघायची सोय नसते, चिठ्ठ्या टाकून सामने लागतात. त्यामुळे 25-4 होणारच, त्याचं खापर तुमच्यावर नको. तुमच्या सरांनी दुसऱ्या सेटला बाकावरच्या मुली उतरवल्या ते मला फार बरं वाटलं. त्या मुलीही वर्षभर घाम गाळतात आणि त्यांना खेळायला कधी मिळतं? पण तुमच्यातल्या एकीने शेवटच्या दोन सर्व्हिस खालून, लहान मुलाला चेंडू द्यावा तशा, खिदळत दिल्या. समोरच्या मुलींनी ते बघितलं आणि एकमेकींकडे बघितलं. मला 25-4 पेक्षा त्या दोन सर्व्हिस जास्त लागल्या. तिला जंप सर्व्हिस येत नाही ना? मग तीच करून बघायची. दहा वेळा नेटमध्ये गेली असती तरी चाललं असतं. शिकायला याहून चांगली वेळ कुठली मिळणार होती?

आणि आता ज्याबद्दल तू विचारलं नाहीस त्याबद्दल. तिसऱ्या सेटला 12-12 असताना त्यांच्या चार नंबरच्या जागेवरच्या मुलीने लाइनला मारलेला बॉल बाहेर गेला. पंचांनी आउट दिला. तुम्हाला तेरावा गुण मिळाला, सेट 15-12 ने संपला. मी तो तुकडा पुन्हा पुन्हा बघितला. तू ब्लॉकला उडी मारलेली होतीस. बॉल जाताना तुझी करंगळी मागे गेल्यासारखी वाटते आणि खाली उतरल्यावर तू पटकन हाताकडे बघितलंस. मोबाइलच्या व्हिडिओवरून मी छातीठोक सांगू शकत नाही. तुला मात्र माहीत असणार. बोटाला बॉल लागला की लागला, त्यात 'कदाचित' नसतं. तो लागला असेल तर गुण त्यांचा होता.

तो सामना त्या एका गुणावर फिरला असता असं मी म्हणत नाही, आणि निकाल आता बदलणारही नाही. पण सात नंबरवरच्या सर्व्हिसने तुझी झोप उडाली आणि हे तुझ्या मनातही आलं नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. सर्व्हिस सगळ्या हॉलने बघितली होती, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. टच फक्त तुला कळला. मोठ्या सामन्यांत आता कॅमेरे आहेत, निर्णय कॅमेऱ्यावर तपासून मागायचं चॅलेंज आहे, आणि 2023 च्या व्हॉलीबॉल नेशन्स लीगमध्ये तर खेळाडूने स्वतःहून टच कबूल केला की पंच हिरवं कार्ड दाखवायचे, शाबासकी म्हणून. आपल्या जिल्ह्याच्या हॉलमध्ये कॅमेरा कुठला यायला? पंचाच्या स्टँडवर उभं राहून मला नेटच्या पट्टीच्या वर काय घडतंय ते पुष्कळ दिसतं, पण करंगळीचं टोक दरवेळी दिसतंच असं नाही. लाइनमनच्या झेंड्यावर भागवावं लागतं. माझ्या वेळच्या काही मुली बॉल लागला की शिट्टीच्या आत स्वतः हात वर करायच्या, आणि त्यांच्याशी खेळताना आम्ही कधी पंचांशी हुज्जत घातली नाही, कारण गरजच पडायची नाही. तू पंचांशी बोलायला जाऊ नकोस, ते काम कॅप्टनचं आहे, पण हात वर करायला कोणाची परवानगी लागत नाही. सर ओरडतील कदाचित. दहावीच्या क्रीडा गुणांचा हिशोब करणारे एखाद-दोन पालकही नाक मुरडतील. मुरडू देत.

सात नंबरबद्दल एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसेल. शाळेच्या स्पर्धेत ती तुझ्या विरुद्ध असते, पण असोसिएशनच्या जिल्हा संघाची निवड चाचणी असेल तेव्हा तीही येणार. उंची आहे, हात लांब आहेत, पुढच्या ओळीत तिचा ब्लॉक चांगला पडतो. तुमच्या दोन स्मॅश तिनेच अडवले होते, व्हिडिओत बघ, रडण्याच्या नादात ते सगळे विसरले. उद्या ती तुझ्याच संघात, तुझ्या शेजारी पाच नंबरवर उभी असेल आणि समोरच्या जिल्ह्याच्या कोचने बाकावरून पाच बोटं दाखवलेली असतील. तेव्हा तिच्या आणि तुझ्या मधल्या फटीत पडणारा बॉल "माझा!" म्हणून तुलाच घ्यावा लागेल.

म्हणून ती भेटली की सॉरी वगैरे म्हणत बसू नकोस, तिला आणखी अवघडायला होईल. "सात, सात" ओरडलेल्यांनी म्हणायचं असेल तर म्हणावं. तू तिला सांग तू काय बघितलंस ते. ती हात फार लवकर जोडते. बॉल यायच्या आधी हात जोडले की पाय खिळतात. आधी पाय हलवायचे, बॉलच्या मागे जायचं, मग हात. आणि पास देताना खांद्यातून झटका देऊ नये, हात तिरपे धरून बॉलला नुसती वाट द्यायची, फ्लोट असेल तर तितकंही पुरे होतं. हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? सात वेळा तू तिच्याकडे नेम धरून बघितलं आहेस. तिच्या सरांनी तिच्याकडे एवढं नीट पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

तुझ्या सर्व्हिसबद्दलही एक. पाच नंबरवर पडते ती छान, पण तू टाकण्याआधी त्या दिशेला खांदा वळवतेस. तालुक्याला चाललं, जिल्ह्यालाही चाललं, विभागात सातारा-सांगलीच्या मुली तो खांदा वाचतील. उभी राहा सहाकडे तोंड करून आणि शेवटी मनगटाने पाचकडे ने. आणि नुसती माणसावर टाकू नकोस, पाच आणि सहाच्या मधल्या फटीत टाकून बघ. दोघी चांगल्या रिसीव्हर असल्या तरी "तू घे, तू घे" करत बॉल खाली पडतो. शिट्टीनंतर आठ सेकंद असतात, तू तीन सेकंदांतच उरकतेस. बॉल आपट, श्वास घे, समोरच्या सहा जणी कुठे उभ्या आहेत ते बघ, मग टाक.

बाबा बुधवारी कोल्हापूरला कामासाठी येतायत. त्यांच्याबरोबर शेंगदाण्याचे लाडू आणि नवे नी-कॅप पाठवते आहे. जुने टाकून दे, गेल्या वेळी बॅग उघडली तर घरभर वास सुटला होता. लाडू एकटीने खाऊ नकोस, टीमच्या मुलींनाही दे, अबोला त्यानेही सुटतो. विभागीय स्पर्धेच्या तारखा लागल्या की लगेच कळव, यावेळी मी रजा आधीच टाकून ठेवते.

तुझी,
आई